पोटरी थांबते तेव्हा

माणूस उभा राहिला की त्याच्या पावलातले रक्त हृदयाच्या साधारण चार फूट खाली असते. मागून येणाऱ्या रक्ताच्या रेट्याने ते वर चढत राहते, थांबत नाही. पण पायाच्या नीलांमध्ये चार फुटांचा रक्ताचा स्तंभ उभा असतो आणि त्याचा भार घोट्याजवळच्या पातळ भिंतींना पेलावा लागतो. दंडाला पट्टा बांधून आपण ज्या मापात रक्तदाब मोजतो, त्याच मापात हा दाब पाऱ्याच्या जवळपास ९० मिलिमीटरइतका भरतो. (पुढे जिथे नुसते ‘मिमी’ येईल तिथे हेच माप समजावे.) इतक्या दाबाखाली नीला फुगतात, त्यांच्याआधीच्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपून आजूबाजूच्या मांसात येते, आणि साड्यांच्या दुकानात, वर्गात किंवा चौकात दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो.

तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब ३० मिमीच्या आसपास उतरतो. हे काम पोटरी करते. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जातात, नीलांमधल्या झडपा रक्ताला फक्त वरच जाऊ देतात, आणि स्नायू सैल पडला की रिकाम्या नीलेत त्वचेजवळचे रक्त ओढले जाते. गावातल्या हापशाचे तत्त्व याहून निराळे नाही. दांडा हलवणारे कुणी नसेल तर झडप कितीही चांगली असून उपयोग नसतो.

अर्धांगवायू झालेला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देऊन झोपवलेला, अतिदक्षता विभागात पडलेला किंवा मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला, यांचा दांडा थांबलेला असतो. या प्रकरणात ज्या उपचाराची गोष्ट आहे तो हा दांडा बाहेरून हलवण्याचा आहे. पायाभोवती गुंडाळायची हवेची पिशवी, तिला जोडलेल्या नळ्या आणि पलंगाला अडकवलेला एक छोटा पंप. पंप पिशवीत हवा भरतो, पाय आवळला जातो. हवा सोडतो, पाय मोकळा होतो. पुन्हा तेच. रुग्णालयात याला ‘डीव्हीटी पंप’ म्हणतात (डीव्हीटी म्हणजे खोल नीलेत होणारी गुठळी), फिजिओथेरपीच्या खोलीत ‘कॉम्प्रेशन पंप’, आणि ऑनलाइन बाजारात तो ‘रक्ताभिसरण सुधारणारा मसाजर’ होतो. दाब किती, तो किती झपाट्याने द्यायचा, किती वेळ धरायचा आणि दोन दाबांमध्ये पायाला किती उसंत द्यायची, या चार आकड्यांवर हा उपचार उभा आहे. ‘पायाचे रक्ताभिसरण बिघडले’ या एका तक्रारीखाली तीन निरनिराळे आजार असतात, आणि प्रत्येकासाठी हे चार आकडे वेगळे असतात. बाजारातल्या खोक्यावर नेमकी हीच गोष्ट लिहिलेली नसते.

झडपांची हकिगत आधी सांगायला हवी. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणारे फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये नीलांमधल्या या छोट्या दारांवर पुस्तक छापले. चित्रे सुरेख होती, अर्थ मात्र उलटा लावला होता. रक्त हृदयाकडून बाहेर जाते आणि ते सगळे हातापायांत जाऊन साचू नये म्हणून ही दारे त्याचा वेग कमी करतात, असे त्यांना वाटले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने दंडाला पट्टी बांधली, फुगलेली नीला एका बोटाने दाबून धरली, दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वर निपटले आणि दाखवले की ते खाली परतत नाही. नीलांतले रक्त एकाच दिशेने, हृदयाकडे जाते. १६२८ च्या त्याच्या पुस्तकातला हा प्रयोग आजही कुणालाही स्वतःच्या हातावर करता येतो, आणि हवेची पिशवी पायावर जे करते ते यापेक्षा फारसे वेगळे नाही. झडपा शाबूत असतील तर कुठूनही दाबा, रक्त वरच जाणार.

पोटरीच्याही खाली आणखी एक पंप आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आले. इंग्लंडमधल्या गार्डनर आणि फॉक्स यांनी १९८३ मध्ये दाखवले की तळपायाच्या कमानीत नीलांचे एक जाळे आहे आणि पावलावर वजन पडताच ते रिकामे होते. त्यासाठी स्नायू आवळावाही लागत नाही. पाऊल टेकले की झाले. प्लास्टर घातलेल्या किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या फक्त तळव्याला झटके देणारी यंत्रे यातूनच निघाली.

बाहेरून दाब द्यायची युक्ती निसर्गाने आधीच वापरलेली आहे. जिराफाचे हृदय जमिनीपासून इतके उंच असते की त्याच्या खुरांजवळ कायमची सूज असायला हवी. अ‍ॅलन हार्गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिराफांच्या पायांतले दाब प्रत्यक्ष मोजले आणि १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पायाची कातडी आणि तिच्याखालचे आवरण इतके घट्ट असते की रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला पाण्याला जागाच मिळत नाही. चालताना त्याच घट्ट आवरणात स्नायू फुगतात आणि रक्त जोराने वर लोटले जाते.

माणसासाठी असे आवरण शिवणारा डॉक्टर नव्हता, रुग्ण होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरात राहणारे कॉनराड जॉब्स्ट हे जर्मन वंशाचे अभियंते. त्यांना नीलांचा जुना आजार होता आणि पायांवर जखमा. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आले, आणि अभियंता असल्यामुळे त्याचे कारणही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. साडेतेरा मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पारा, या हिशेबाने चार फूट पाण्याखाली दाब ९० मिमीच्या आसपास होतो. पायातल्या रक्ताच्या स्तंभाचा दाबही तितकाच. आतून आणि बाहेरून सारखा दाब, म्हणून नीला फुगत नाही आणि पाणी झिरपत नाही. पाण्यासारखाच, घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब देणारे मोजे त्यांनी १९५० च्या सुमारास बनवायला घेतले. आज औषधाच्या दुकानात ‘व्हेरिकोज व्हेन्सचे मोजे’ म्हणून मिळतात ते त्यांचे वंशज. मोजा मात्र दिवसभर एकसारखा आवळून बसतो. रक्त ढकलण्याचे काम त्यात चालणाऱ्या पोटरीनेच करायचे असते. पोटरीच थांबलेली असेल तर हवेची पिशवी लागते.

शस्त्रक्रियेनंतर पायात होणारी रक्ताची गुठळी हे या पिशवीचे पहिले मोठे काम. रक्त साकळायला काय काय कारण होते याचा विचार बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्शोने १८५६ मध्येच मांडला होता: प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गुणधर्म बदलणे. मोठ्या शस्त्रक्रियेत तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पोटरीतल्या खोल नीलेत गुठळी धरते, बहुतेकदा मुकाट्याने, आणि त्यातली एखादी सुटून फुप्फुसात अडकली तर बरा होत आलेला रुग्ण अचानक दगावतो. १९७२ मध्ये हिल्स, कॅल्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पोटरीला थांबून थांबून हवेचा दाब देऊन गुठळ्या टाळण्याचा प्रयोग मांडला. पुढच्या वर्षांत असे अभ्यास येत गेले.

१९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक विचित्र निष्कर्ष छापून आला. नाइट आणि डॉसन यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या पायांना हातही लावला नाही. पिशव्या दंडांना बांधल्या. तरी पायातल्या गुठळ्या कमी झाल्या! नुसते रक्त ढकलणे एवढेच या यंत्राचे काम असते तर असे होणे शक्य नव्हते. रक्तवाहिनीची आतली भिंत पिळली गेली, तिच्यावरून रक्त झपाट्याने वाहिले की ती भिंत गुठळ्या विरघळवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि वाहिनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइडही तयार करते. गुठळ्या विरघळवणारी द्रव्ये दंडातून निघून पायापर्यंत पोचतात. रक्तवाहिनी ही नुसती नळी नाही, तिच्या भिंतीला स्पर्श कळतो, हे डॉक्टरांना अशा आडवाटेने उमगत गेले. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच.

आज रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या यंत्रात पिशवीचे कप्पे असतात. आधी घोट्याचा कप्पा साधारण ४५ मिमीपर्यंत भरतो, मग पोटरीचा ४० आणि मांडीचा ३०. दहा-अकरा सेकंद दाब, मग सुमारे एक मिनिट उसंत, तेवढ्यात नीला पुन्हा भरतात. दाब सौम्य असतो. रुग्ण त्यात झोपू शकतो.

हे खरोखर उपयोगी पडते का, याचे सर्वांत भक्कम उत्तर अर्धांगवायूच्या रुग्णांकडून मिळाले. यांना रक्त पातळ करणारी औषधे देताना हात आखडतो, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. एडिंबरोच्या मार्टिन डेनिस यांच्या नेतृत्वाखाली आधी मांडीपर्यंतच्या घट्ट मोज्यांची परीक्षा झाली. २००९ मध्ये निकाल आला: मोजे घातलेल्यांत मोठ्या नीलांतल्या गुठळ्यांचे प्रमाण १० टक्के, न घातलेल्यांत १०.५. म्हणजे फायदा नाही, उलट मोज्यांमुळे कातडी सोलवटण्याचे, फोड येण्याचे प्रमाण ५ टक्के, मोजे नसलेल्यांत १. कित्येक वर्षे वॉर्डावॉर्डांत इमानेइतबारे घातले जाणारे मोजे त्या रुग्णांच्या कामाचे नव्हते. त्याच गटाने मग हवेच्या पिशव्या तपासल्या. २,८७६ रुग्ण, सगळे स्वतः उठून चालू न शकणारे. २०१३ मध्ये आलेल्या निकालात पिशवीवाल्यांमध्ये गुठळ्या ८.५ टक्के, बाकीच्यांमध्ये १२.१. तफावत डोळे दिपवणारी नाही. साधारण अठ्ठावीस रुग्णांच्या पायांना पिशव्या बांधल्या तर एकाची गुठळी टळते, असा त्याचा अर्थ. पण ज्याला औषध देता येत नाही त्याच्यासाठी ती मोलाची आहे.

याच्या उलट दुसरा अभ्यास. सौदी अरेबियाच्या पुढाकाराने झालेल्या आणि भारतातली रुग्णालयेही सामील असलेल्या चाचणीत अतिदक्षता विभागातले २,००३ रुग्ण घेतले. सगळ्यांना गुठळी टाळण्याचे हेपॅरिनचे इंजेक्शन सुरूच होते; निम्म्यांना वरून पिशव्याही लावल्या. २०१९ मध्ये उत्तर मिळाले: ३.९ टक्के विरुद्ध ४.२ टक्के, म्हणजे फरक नाहीच. औषध मिळत असेल तर पिशवी वरकड ठरते. यंत्र त्याच जातीचे. रुग्ण बदलला आणि निकाल बदलला.

आणि यंत्र चालू असेल तरच हा हिशेब. व्यायामासाठी पिशवी काढतात आणि परत बांधायची राहते, पायाला घाम येतो म्हणून रुग्ण ती सैल करायला लावतो, रात्री घरघर नको म्हणून नातेवाईक बटण बंद करतात. घरातले कुणी रुग्णालयात असेल आणि पलंगाला असा पंप टांगलेला दिसला तर तो चालू आहे का हे परिचारिकेला विचारायला संकोच करू नये. दिवसातून निदान दोनदा पिशवी सोडून टाच, घोटा आणि गुडघ्याखालची बाहेरची बाजू डोळ्यांनी पाहायला सांगावी. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागते, त्याला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तिथे पिशवीची कड घट्ट बसली तर पाऊल वर उचलता न येण्याची तक्रार मागे राहू शकते.

रोहिण्यांचा हिशेब

इथपर्यंतची गोष्ट नीलांची, म्हणजे परतीच्या वाटेची होती. जाण्याची वाटच बंद असेल तर? मधुमेह, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे पायाच्या रोहिण्या अरुंद होतात. माणूस ठरावीक अंतर चालला की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-चार मिनिटांत जातो, पुन्हा चालले की पुन्हा तिथेच येतो. आजार वाढला की रात्री अंथरुणात पाऊल ठणकते आणि रुग्ण पलंगाच्या कडेवरून पाय खाली सोडून बसतो. तेवढ्याने बरे वाटते. मग अंगठ्यावर न भरणारी जखम, मग काळी पडत जाणारी बोटे. तरुण पुरुषांत हेच चित्र तंबाखूमुळे वेगळ्या प्रकारे येते. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला तो आजार आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत डॉक्टर नेहमी पाहतात. तिथे तंबाखू पूर्ण सोडणे हाच खरा उपचार आहे, आणि ती सोडली नाही तर दुसरे काही फारसे चालत नाही.

जिथे रक्त आधीच पोचत नाही, तो पाय बाहेरून आवळायचा, हे ऐकायला उलटे वाटते. म्हणूनच इथला हिशेब नीट पाहिला पाहिजे. समजा आडवे झोपल्यावर रुग्णाच्या घोट्याच्या रोहिणीत दाब फक्त ६० मिमी आहे (निरोगी माणसात तो दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो) आणि नीलेत १०. रक्त पुढे सरकते ते या दोहोंच्या फरकावर, म्हणजे ५० वर. आता त्याला पाय खाली सोडून खुर्चीवर बसवले. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या स्तंभाचे ५० मिमी दोन्हीकडे वाढले: रोहिणीत ११०, नीलेत ६०. फरक तोच ५०. आता पावलाला आणि पोटरीला जोरदार झटका दिला आणि नीला पूर्ण रिकामी केली. झडपांमुळे वरचे रक्त खाली येत नाही, म्हणून काही सेकंद नीलेतला दाब पुन्हा १० वर येतो. रोहिणीत मात्र ११० कायम. फरक १००, दुप्पट. नीला भरेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत रक्त दुप्पट रेट्याने खाली उतरते. ती भरत आली की पुढचा झटका द्यायचा.

या हिशेबातून उपचाराची सगळी पद्धत निघते. रुग्ण झोपलेला चालत नाही, बसलेला हवा. झोपलेल्याच्या नीलेत रिकामे करण्याजोगा दाबच नसतो. झटका अर्ध्या सेकंदाच्या आत बसायला हवा, नाहीतर नीला सावकाश रिकामी होत असतानाच मागून भरत राहते. दाब १०० ते १२० मिमीपर्यंत, पण फक्त तीन-चार सेकंद. जास्त वेळ धरला तर रोहिणीच बंद होईल. मिनिटाला साधारण तीन झटके. आणि हे रोज काही तास, महिनोन्महिने. गुठळी टाळणाऱ्या सौम्य, संथ यंत्राकडून हे काम होत नाही. दोन यंत्रे बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून हा मुद्दा निक्षून सांगितला.

हा विचार जुना आहे. १९३३-३४ मध्ये सिनसिनाटीच्या हर्मन आणि रीड यांनी काचेचा एक मोठा बूट बनवला होता, ज्यात पाय ठेवून आळीपाळीने हवा शोषून घेत आणि भरत. त्याच सुमारास लँडिस आणि गिबन हे असाच दाब-शोषणाचा प्रयोग करून पायातला रक्तप्रवाह मोजत होते. यातले जॉन गिबन म्हणजे पुढे १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्र वापरून पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया करणारे. काचेचा बूट काही वर्षे गाजला आणि मग अडगळीत गेला. पॅरिसच्या जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये रुग्णाचीच नीला काढून बंद रोहिणीला वळसा घालणारी बायपास केली. १९६४ मध्ये चार्ल्स डॉटर यांनी नळी घालून आतून वाट रुंद करून दाखवली. बंद वाट सरळ उघडता येत असेल तर बाहेरून झटके देत कोण बसणार?

प्रश्न उरतो तो अशा रुग्णांचा, ज्यांच्या पोटरीखालच्या रोहिण्या इतक्या बारीक आणि चुनखडीने भरलेल्या असतात की बायपासला जागा नाही आणि आतून वाट रुंद करणारा फुगा पुढे सरकत नाही. मधुमेहात हे फार दिसते. डेलिस आणि निकोलायडिस यांनी २००५ मध्ये चालताना गोळा येणाऱ्या ४१ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्या रुग्णांनी पाच महिने रोज अडीच तासांहून अधिक वेळ असे यंत्र वापरले. दुखू लागेपर्यंतचे अंतर त्यांच्यात जवळपास तिप्पट झाले. मेयो क्लिनिकने २००८ मध्ये न भरणाऱ्या जखमांच्या ४८ रुग्णांची नोंद दिली: यंत्र वापरलेल्या २४ पैकी १४ जणांच्या जखमा भरल्या आणि पाय वाचला, न वापरलेल्या २४ पैकी चौघांच्या. आकडे आशा वाढवणारे आहेत, पण संख्या छोटी आहे, आणि मेयोची नोंद मागे वळून पाहिलेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली नव्हे. म्हणून माझे मत असे: बायपास किंवा फुगा शक्य असेल तर यंत्राच्या नादाने वेळ घालवू नये. ते शक्य नाही असे रक्तवाहिन्यांच्या सर्जनने तपासून सांगितले आणि पाय कापण्याची भाषा सुरू झाली, तर हा उपाय जरूर विचारावा. आणि ज्याला नुसता चालताना गोळा येतो, त्याच्यासाठी देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम अधिक सिद्ध झालेला आणि स्वस्त आहे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे; अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने.

विदर्भातले पाय

तिसरी वाट लसिकेची. केशवाहिन्यांतून झिरपलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून परत रक्तात आणून सोडणाऱ्या या सूक्ष्म नळ्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोगाचे जंत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. क्युलेक्स डासातून शिरलेले जंत या नळ्यांत राहतात, नळ्या रुंदावून निकामी होतात आणि पाय सुजत जातो. शासनाच्या सामूहिक औषधोपचारात दिल्या जाणाऱ्या गोळ्या रोगाचा फैलाव रोखतात. सुजलेला पाय त्यांनी पूर्ववत होत नाही.

इथे पंप लावतात तो ३० ते ६० मिमीच्या सौम्य दाबावर, अनेक कप्प्यांच्या पिशवीने, खालून वर. तासाभरात पायाचा घेर उतरलेला दिसतो आणि रुग्ण खूश होतो. पण पंपाने पाणी हलते, प्रथिने बरीचशी तिथेच राहतात आणि ती पाणी पुन्हा ओढून घेतात. पंपानंतर लगेच पट्टी बांधली नाही किंवा मोजा घातला नाही, तर दुसऱ्या दिवशी सूज जागेवर. आणखी एक गोष्ट पंप विकणारे सांगत नाहीत: पायातले पाणी वर लोटले आणि जांघेतली वाट बंद असली, तर ते जननेंद्रियांत जाऊन साचू शकते. अमेरिकेतल्या बोरिस, वाइनडॉर्फ आणि लासिन्स्की यांनी १९९८ मध्येच हा इशारा दिला होता. हत्तीरोगात अंडवृद्धी तशीही नेहमी आढळते, म्हणून आपल्याकडे तर हे तपासूनच पंप लावायला हवा.

या रुग्णांना खरा त्रास असतो तो मधून मधून थंडी वाजून येणाऱ्या तापाचा, पाय लाल होऊन ठणकण्याचा. अशी प्रत्येक खेप उरल्यासुरल्या नळ्या बिघडवून जाते. ती टाळण्यासाठी रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, तिथल्या चिखल्यांना मलम लावणे आणि झोपताना पाय उंचावर ठेवणे. शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईला पंपापेक्षा याचा उपयोग जास्त. ताप आणि लाली असताना पंप लावायचाच नाही.

बाजारातला बूट

नीलांच्या जुन्या आजारात आतल्या घोट्यावरची कातडी काळवंडते, कडक होते आणि जखम पडते. तिथे घट्ट बांधलेली पट्टी हा मुख्य उपचार. पट्टी पुरेशी घट्ट बांधता येत नाही, किंवा रुग्ण खुर्चीतून उठतच नाही, तेव्हा पंप मदतीला येतो. व्यायामशाळांत धावपटू पाय घालून बसतात ते बूट वेगळ्याच कामाचे. थकलेल्या निरोगी पायाला त्यात बरे वाटते, बिघाड काही होत नाही. छातीदुखीसाठी जागोजागी जाहिरात होणारी ‘ईईसीपी’ ही आणखी निराळी. तिच्या पिशव्या हृदयाच्या ठोक्याशी ताळमेळ ठेवून फार जास्त दाबाने आवळतात आणि तिचे लक्ष्य हृदय असते, पाय नव्हे.

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-वडील हल्ली विचारतात की विमानात असे काही लागेल का. बहुतेकांना नाही. दर तासाला उठून फेरी मारणे, बसल्या जागी टाचा वर-खाली करणे. पूर्वी गुठळी झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे मोजे.

घरी बूट आणण्याआधी एक तपासणी करून घ्यायची असते आणि ती साधी आहे. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब छोट्या डॉप्लर यंत्राने मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दंडात १३० आणि घोट्यात ६५, तर उत्तर ०.५. निरोगी माणसात ते १ किंवा थोडे वर येते. ०.९ च्या खाली म्हणजे रोहिण्यांत अडथळा आहे, ०.५ च्या आसपास आले तर नेहमीची पट्टी, मोजा किंवा सौम्य पंप सर्जनला विचारल्याशिवाय लावायचा नाही. १.४ च्या वर आले तर खूश होऊ नये: रोहिणी चुनखडीने इतकी कडक झाली आहे की पट्ट्याने दबतच नाही. मधुमेह्यांत हे घडते, आणि तेव्हा अंगठ्याचा दाब वेगळा मोजावा लागतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला असेल तर आणखी सांभाळावे; पिशवी घासून फोड आला तरी कळणार नाही. धाप लागून पायांवर सूज असेल तर कारण हृदयात किंवा मूत्रपिंडांत असू शकते, आणि पायातले पाणी एकदम वर लोटले तर कमकुवत हृदयाला ते झेपत नाही.

आणि एक शेवटचे. दोन्ही पाय महिनोन्महिने जड होणे वेगळे आणि एकच पाय एका दिवसात सुजून, गरम होऊन पोटरीत दुखू लागणे वेगळे. हे दुसरे घडले तर त्या पायाला पंप लावू नका, पाय चेपून घेऊ नका, तेल लावून चोळू नका. आत ताजी गुठळी असेल तर दाबाने ती सुटू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पायाची कलर डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या.